क्लिफ बर्टन

क्लिफर्ड ली बर्टन (१० फेब्रुवारी, १९६२:कॅस्ट्रो व्हॅली, कॅलिफोर्निया, अमेरिका - २७ सप्टेंबर, १९८६:ल्युंगबीजवळ, स्वीडन) हे अमेरिकन बेस गिटारवादक आणि संगीतकार होते. मेटॅलिका या हेवी मेटल बँडचे सदस्य म्हणून ते ओळखले जातात. पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, सदर्न रॉक आणि पंक अशा परस्परांपासून दूरच्या प्रवाहांचे संस्कार त्यांच्या वादनावर झाले होते. मेटॅलिकाच्या वेगवान संगीताला स्वररचनेची खोली मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

प्रारंभिक जीवन

बर्टन यांचा जन्म रे आणि जॅन बर्टन या दांपत्याच्या पोटी झाला. स्कॉट आणि कॉनी ही त्यांची भावंडे होत. वडिलांमुळे त्यांना लहानपणीच अभिजात संगीताची गोडी लागली आणि त्यांनी पियानोचे धडे घेतले. १९७५ साली थोरले बंधू स्कॉट यांचे अकाली निधन झाले. त्यानंतर तेरा वर्षांच्या क्लिफ यांनी बेस गिटारचा गांभीर्याने अभ्यास सुरू केला. भावासाठी उत्तम बेसवादक होण्याचा त्यांचा निश्चय होता. ते दिवसाला सहा तासांपर्यंत सराव करीत आणि मेटॅलिकात आल्यावरही त्यांनी हा परिपाठ सोडला नाही.

शालेय वयात ते ईझी स्ट्रीट या बँडमध्ये वाजवीत. पुढे फेथ नो मोअर या बँडमुळे प्रसिद्ध झालेले जिम मार्टिन आणि माइक बॉर्डिन हे तेथे त्यांचे सहकारी होते. शालेय शिक्षणानंतर त्यांनी हेवर्ड येथील शाबो महाविद्यालयात शिक्षण घेतले.

सांगीतिक प्रभाव

बर्टन यांच्या अभिजात आवडींमध्ये योहान सेबास्टियन बाख यांचे स्थान सर्वांत वरचे होते. अनेक स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी चालवून त्यांतून एकसंध रचना उभी करण्याची बाख यांची पद्धत त्यांनी अभ्यासली होती. बेसवादकांपैकी ब्लॅक सॅबथचे गीझर बटलर, रशचे गेडी ली, थिन लिझीचे फिल लायनॉट, मोटरहेडचे लेमी आणि जॅझ वादक स्टॅन्ली क्लार्क यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. लिनर्ड स्किनर्ड हा सदर्न रॉक बँड आणि मिसफिट्स हा पंक बँडही त्यांना विशेष प्रिय होता.

मेटॅलिकाच्या इतर सदस्यांची जडणघडण निराळी होती. मूळचे डेन्मार्कचे ड्रमवादक लार्स उल्रिक आणि गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड यांना डायमंड हेडसारख्या तत्कालीन ब्रिटिश हेवी मेटल बँडनी एकत्र आणले होते. गिटारवादक कर्क हॅमेट यांच्यावर जिमी हेंड्रिक्स आणि यूएफओ बँडचे मायकेल शेंकर यांचा प्रभाव होता. त्यांनी जो सॅट्रियानी यांच्याकडे शिक्षणही घेतले होते. वेग आणि आक्रमकता हे या तिघांचे समान बलस्थान होते. संगीतशास्त्राची पद्धतशीर जाण आणि स्वरसंवादाचा विचार यांची भर बर्टन यांनी घातली.

मेटॅलिकातील कारकीर्द

१९८२ साली बर्टन ट्रॉमा या बँडमध्ये वाजवीत असताना लॉस एंजेलसमधील व्हिस्की अ गो गो या क्लबमध्ये हेटफील्ड आणि उल्रिक यांनी त्यांचे वादन ऐकले व त्यांना मेटॅलिकात बोलावले. बर्टन यांनी बँडने सॅन फ्रान्सिस्को परिसरात यावे अशी अट घातली आणि ती मान्य झाली. ५ मार्च, १९८३ रोजी ते मेटॅलिकाबरोबर प्रथम रंगमंचावर आले.

'किल 'एम ऑल' (१९८३) या पहिल्या अल्बममधील 'ॲनेस्थेशिया - पुलिंग टीथ' ही रचना त्यांच्या एकल वादनावर उभी आहे. डिस्टॉर्शन आणि वाह-वाह पेडल वापरून त्यांनी साथीच्या वाद्याला मुख्य वाद्याचे स्थान दिले. ते सहसा प्लेक्ट्रमऐवजी बोटांनी वाजवीत.

'राइड द लायटनिंग' (१९८४) मधील 'फॉर हूम द बेल टोल्स' या गाण्याच्या आरंभी गिटारसारखे भासणारे सूर त्यांच्या बेसचे आहेत. याच अल्बममधील 'द कॉल ऑफ क्टुलू' या वाद्यरचनेच्या नावात त्यांचे आवडते लेखक एच.पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथेचा संदर्भ आहे. 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) मधील 'ओरायन' ही आठ मिनिटांहून मोठी वाद्यरचना त्यांच्या विचाराचे सर्वांत ठळक उदाहरण मानली जाते. तिच्या मध्यावर लय संथ होते आणि बेस व गिटारच्या स्वरावली एकमेकींत गुंफल्या जातात. 'डॅमेज, इंक.' या गाण्याच्या बेसवर वाजविलेल्या प्रारंभाचा आधार बाख यांची एक भक्तिरचना असल्याचे सांगितले जाते.

मृत्यू

'मास्टर ऑफ पपेट्स'च्या प्रचारार्थ चाललेल्या युरोप दौऱ्यात २६ सप्टेंबर, १९८६ रोजी बर्टन यांनी स्वीडनमध्ये आपला अखेरचा कार्यक्रम केला. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास दक्षिण स्वीडनमध्ये बँडची बस रस्त्यावरून घसरून उलटली. बर्टन खिडकीतून बाहेर फेकले जाऊन बसखाली सापडले आणि त्यांचा जागीच मृत्यू झाला. ते २४ वर्षांचे होते. अंत्यविधीच्या वेळी 'ओरायन' वाजविण्यात आले.

वारसा

बर्टन यांच्या जागी जेसन न्यूस्टेड यांची निवड झाली. १९८७ साली मेटॅलिकाने इतरांच्या गाण्यांची एक ध्वनिमुद्रिका काढली. तीत मिसफिट्सच्या गाण्यांचाही समावेश होता. '...अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) मधील 'टू लिव्ह इज टू डाय' ही रचना बर्टन यांनी मागे ठेवलेल्या स्वरखंडांवर आधारित असून तिच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे.

२००६ साली अपघातस्थळाजवळ स्मृतिशिला उभारण्यात आली. २००९ साली मेटॅलिकाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा बर्टन यांचा मरणोत्तर सन्मान त्यांच्या वडिलांनी स्वीकारला. २०१६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करावयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांमध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स'चा समावेश केला. मुलाच्या मानधनातून मिळणारी रक्कम रे बर्टन यांनी कॅस्ट्रो व्हॅली हायस्कूलमधील संगीताच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी दिली.