तीन पिढ्यांचे रामगान

मराठवाड्यातील साखऱ्यासारख्या खेड्यापासून नाशिकच्या काळाराम मंदिरापर्यंत आज माध्यान्ही रामजन्माचा पाळणा हलेल. या मंगल दिनी, ज्यांच्या घराण्यात तीन पिढ्या स्वर हीच भगवंताची सेवा ठरली, त्या पंडित दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचे पुण्यस्मरण करणे उचित होय.

आजोबा दिगंबरबुवा हे कुरुंदवाडचे कीर्तनकार. त्यांचे पुत्र विष्णु यांचा जन्म १८७२ चा. बालपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. परंतु पित्याच्या कीर्तनातून कानी पडलेला स्वर सुटला नाही. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या चरणी गायनविद्या संपादून त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. उत्तरायुष्यात हे गायनाचार्य रामनामात रंगले आणि नाशिकास त्यांनी श्रीरामनाम आधाराश्रम उभारला.

कित्येक अपत्ये अकाली निवर्तल्यावर २८ मे १९२१ रोजी त्यांना जो पुत्र लाभला, तोच दत्तात्रेय. घरात अखंड रामधून व शिष्यांचा रियाज; त्यामुळे स्वरसंस्कार मातृभाषेसारखाच सहज झाला. तथापि २१ ऑगस्ट १९३१ रोजी पितृछत्र हरपले, तेव्हा बालकाचे वय अवघे दहा वर्षांचे होते. कीर्ती वारशाने मिळाली होती. विद्या मात्र अद्याप मिळावयाची होती.

ती दिली पित्याच्या शिष्यांनी. चुलतबंधू चिंतामणराव, पुण्याचे विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी गुरुऋण गुरुपुत्राला शिकवून फेडले. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात हा कुमार गायिला. पुढे त्यांच्या ख्यालगायनाने रसिकमन जिंकले, आणि तुलसीदासांचे बालरामाच्या पाउलांचे पद तर त्यांच्याच कंठातून घरोघरी पोहोचले. त्या गायनात पांडित्याचा आविर्भाव नव्हता; आजोबांच्या कीर्तनातील प्रासादिकता होती.

ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मेंदूज्वराने हा स्वर निमाला.

कुलात जन्म मिळतो, विद्या मात्र सेवेनेच मिळते. आज पाळणा म्हणताना घरातील मुलांना शेजारी बसवावे, चूक-बरोबर न पाहता त्यांना सूर धरू द्यावा. रामरायाच्या चरणी तीच खरी पुष्पांजली होय.