केरीसाहेब आणि कुंभ्याचे झाड

सुरतेहून पूर्वेस डांगच्या जंगलात गेले की कुंभ्याची झाडे आढळतात. आपल्या कोकणातही हा वृक्ष ओळखीचा आहे. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला मोठी फुले येतात व पुंकेसरांचा झुबका पाकळ्यांबाहेर डोकावतो. वनस्पतिशास्त्रात याचे नाव केरिया आर्बोरिया. हे केरी म्हणजे १८११ साली मराठी नवा करार छापून देणारे विल्यम केरी. सुरतेस ते स्वतः कधी आले नाहीत. श्रीरामपूर मिशनने तेथे कारापीट आरातून या आर्मेनियन बांधवास पाठविले होते.

शब्बाथशाळेत आपण केरीसाहेबांची चांभारकी व भाषांतरे सांगतो, बाग मात्र गाळतो. ते आम्हांस बरे वाटत नाही. १७६१ साली इंग्लंडातील एका खेड्यात विणकराच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच त्यांची खोली रोपांनी व किड्यांनी भरलेली असे. पुढे श्रीरामपुरास त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग केली व लिनीयस या स्वीडिश पंडिताच्या पद्धतीप्रमाणे, म्हणजे फुलातील पुंकेसर व स्त्रीकेसर पाहून, झाडांचे वर्ग लावले.

कलकत्त्याच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉ. रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. त्यांनीच कुंभ्याच्या जातीला केरींचे नाव दिले. या देशातील शेकडो झाडांची वर्णने रॉक्सबर्ग यांनी लिहून ठेवली होती. पण प्रकृती ढासळल्याने १८१३ साली ते मायदेशी गेले आणि १८१५ साली वारले. शास्त्रात वर्णनासह छापलेलेच नाव धरतात. हस्तलिखित कपाटात राहिले असते तर त्या माणसाचे आयुष्यभराचे श्रम दुसऱ्याच्या नावे गेले असते.

केरींनी ते होऊ दिले नाही. बागेतील सुमारे ३५०० झाडांची यादी त्यांनी १८१४ सालीच श्रीरामपुरास छापली होती. तीत देशी नावेही दिली होती. मग 'फ्लोरा इंडिका' हाती घेतले. पहिला भाग १८२० साली निघाला. डॉ. वॉलिच यांनी त्यात भर घातली, ती वेगळी दाखविली. ग्रंथ रॉक्सबर्ग यांचाच राहिला.

१८२३ च्या ऑक्टोबरात दामोदर नदीला पूर आला. केरी तेव्हा पडून जायबंदी झाले होते. वर्षानुवर्षे जमविलेली बाग वाळू व पाण्याखाली गेली. दुसरा भाग पुढच्याच वर्षी बाहेर पडला! बागही त्यांनी पुन्हा लावली. त्यांच्या वयाकडे पाहता आम्हांस याचेच अधिक नवल वाटते.

संपूर्ण ग्रंथ तीन भागांत १८३२ साली छापून झाला. तेव्हा केरी सत्तरी ओलांडून गेले होते. चालवेनासे झाल्यावर ते खुर्चीत बसून बागेत जात. आपल्यामागे तेथे गुरे शिरतील, ही काळजी त्यांनी मार्शमन यांच्यापाशी बोलून दाखविली होती. मार्शमन यांनी बाग राखण्याचा शब्द दिला. ९ जून १८३४ रोजी केरीसाहेब प्रभूमध्ये निजले.