पाश्चरचा द्राक्षमळा

पहाटे साडेपाचला दूधवाला दाराच्या कडीला पिशवी अडकवून जातो. रबाळ्यात तेव्हा उजाडलेले नसते. पारसिकचा डोंगर काळाच असतो आणि एमआयडीसीतली रात्रपाळी सुटायची असते. याच एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे वेष्टनांवरचा बारीक मजकूर वाचायची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही, आणि ती आता नातीलाही लागली आहे. मध्यंतरी तिने पिशवीवरचा पाश्चराइज्ड हा शब्द वाचला आणि हा पाश्चर कोणी गवळी होता का, असे विचारले. गवळी नव्हे, कातडी कमावणाऱ्याचा मुलगा होता, आणि हे सारे त्याने दुधासाठी नव्हे तर वाइनसाठी केले, असे मी सांगताच सूनबाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले.

शाळेच्या पुस्तकात लुई पाश्चर भेटतो तो पिसाळलेल्या कुत्र्यासह. 1885 साली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्याने लस टोचली, ही कथा आपल्याला पाठ असते. पण तिथवर तो पोचला तो द्राक्षवेलीला धरून, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्याचा जन्म 27 डिसेंबर 1822 चा, दोल गावचा. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब जवळच्या आर्ब्वा गावी आले. बाप नेपोलियनच्या फौजेतला जुना सार्जंट. क्विझान्स नदीच्या काठी त्याने कातडी कमावण्याचा धंदा मांडला. आर्ब्वा हे फ्रान्सच्या पूर्वेला, ज्युरा डोंगराच्या पायथ्याचे थंड गाव, आणि गावाचा जीव वाइनमध्ये.

थंड म्हणजे काय, ते आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. नाशिक-नारायणगावचा बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. आपल्या वेलीला हिवाळ्याची झोप अशी मिळतच नाही. फेब्रुवारी-मार्चचे ऊन लागले की मण्यांत साखर भराभर चढते आणि आंबटपणा उतरतो. ज्युरामध्ये वेल हिवाळाभर झोपते, वसंतात डोळे फुटतात, आणि त्याच सुमारास पडलेली एका रात्रीची कडक थंडी वर्षाचे पीक जाळून टाकू शकते. त्यातून वाचलेली द्राक्षे सावकाश पिकून सप्टेंबर-ऑक्टोबरात काढली जातात. त्यांच्यात आंबटपणा टिकून राहतो. पूल्सार जातीची तांबडी वाइन तर रंगाने इतकी फिकी, की आपल्याला ते सरबत वाटावे.

तिथली नवलाची वाइन पिवळी. साव्हान्यां जातीच्या पांढऱ्या द्राक्षांची ही वाइन पिंपात भरून ठेवतात आणि आटत गेली तरी वर भर घालत नाहीत. पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते. काढणीनंतर सहा वर्षांहून अधिक काळ ती मुरू द्यावी लागते, त्यातला बराचसा त्या सायीखाली, असा आजचा नियम आहे. बाहेर येते तेव्हा तिला अक्रोडाचा वास असतो. आपल्या घरी वरण दोन दिवस राहिले तर आपण ते फेकून देतो. तिथे सहा वर्षे थांबतात.

पाश्चरच्या हाती विज्ञान लागले तेही याच पिंपातून म्हणायचे. वाइनच्या पिंपाला आतून जो खडा धरतो त्यातून टार्टारिक आम्ल मिळते. 1848 साली, पंचविशीत, या आम्लाच्या क्षारांचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली निवडून त्याने दोन ढीग केले. रचना तीच, पण एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब. पुढे लील येथे तो आंबवण्याच्या क्रियेकडे वळला, आणि ती जिवंत जीवाणूंची आणि यीस्टची करामत आहे, निव्वळ रासायनिक कुजणे नव्हे, हे मांडू लागला.

1863 साली बादशहा तिसऱ्या नेपोलियनने त्याला वाइनच्या रोगांचा छडा लावायला सांगितले. 1860 च्या करारानंतर इंग्लंडची बाजारपेठ खुली झाली होती, पण पाठवलेली वाइन वाटेत आंबे, कडू होई, तिला तार सुटे. पाश्चर शिष्यांना घेऊन गावी गेला आणि एका जुन्या कॉफीगृहाच्या जागेत त्याने प्रयोगशाळा थाटली. उपकरणे गावच्या कारागिरांकडून बनवून घेतली. दारावरची जुनी पाटी तशीच होती, म्हणून कधी कधी गिऱ्हाईक आत शिरे आणि काचेच्या नळ्या पाहून बाहेर पडे. मला त्या गिऱ्हाइकाची फार गंमत वाटते.

प्रत्येक रोगाचा जंतू त्याला निराळा दिसला. उपाय साधा होता: हवा लागू न देता वाइन पन्नास ते साठ अंशांपर्यंत तापवायची. एप्रिल 1865 मध्ये त्याने या रीतीचे पेटंट घेतले आणि पुढच्या वर्षी वाइनवरचा ग्रंथ काढला. वाइन तापवणे म्हणजे तिचा जीव घेणे, असे जुन्या जाणत्यांना वाटे. तेव्हा तापवलेली आणि न तापवलेली, अशा जोड्या चाखणाऱ्या पारख्यांपुढे ठेवून त्याने फरक ओळखायला लावले.

याच काळात त्याच्या घरी काय चालले होते? थोरली झान 1859 मध्ये आर्ब्वालाच विषमज्वराने गेली होती. 1865 च्या जूनमध्ये वडील गेले, सप्टेंबरात दोन वर्षांची कामिय. 1866 च्या मेमध्ये सेसिल, पुन्हा विषमज्वर. 1868 साली त्याला स्वतःला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू झाली. वाइनचे जंतू ओळखणाऱ्याला आपल्या लेकींना नेणारा जंतू तेव्हा दिसत नव्हता. पुढच्या तीस वर्षांच्या त्याच्या हट्टाचे मूळ मला इथे दिसते.

1874 साली त्याने आर्ब्वाजवळ रोझिएर येथे एक छोटा द्राक्षमळा विकत घेतला. हौस म्हणून घेतला असेल, पण चार वर्षांनी तो युद्धभूमी झाला. फेब्रुवारी 1878 मध्ये त्याचा ज्येष्ठ मित्र, थोर शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार वारला. तोही द्राक्षबागाईतदाराचाच मुलगा, बोजोलेकडचा. त्याच्या कागदांत काही टिपणे सापडली आणि जुलैमध्ये छापली गेली. यीस्टच्या जंतूंशिवायही द्राक्षरस आंबतो, असा त्यांचा रोख होता. खरे ठरते तर पाश्चरची वीस वर्षे पाण्यात. आणि प्रतिपक्षी मेलेला, तोही मित्र, भांडायचे कोणाशी?

पाश्चरने वेळ दवडला नाही. सुटी काचघरे बनवून घेतली आणि ऑगस्टच्या सुरुवातीलाच, द्राक्षे हिरवी असताना, रोझिएरच्या काही वेलींवर उभी केली. मण्यांवर यीस्ट अजून आलेले नव्हते. काही घोस निर्जंतुक कापसात गुंडाळले. ऑक्टोबरात द्राक्षे पिकली. उघड्यावरची चुरली तर रस दोन दिवसांत आंबला. काचघरातली, कापसातली चुरली. रस तसाच राहिला. मग काचघरातले काही घोस बाहेरच्या वेलींवर टांगले, तर त्यांचाही रस आंबला. म्हणजे यीस्ट द्राक्षाच्या आत जन्मत नाही, बाहेरून येऊन बसते. कापसातले घोस पॅरिसच्या अकादमीत दाखवायचे होते. घरच्या बायकांनी ते धक्का न लावता, उभे धरून आगगाडीतून नेले. विज्ञानाच्या इतिहासात याला ओळ मिळत नाही. माझ्या मते मिळायला हवी.

द्राक्षावर बाहेरून यीस्ट बसते, तर जखमेवर, बाळंतिणीच्या अंगात बाहेरून काय शिरत असेल, हा प्रश्न मग टाळता येत नव्हता. 1888 मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली. तिथे काम केलेला वाल्देमार हाफकिन 1896 च्या प्लेगात मुंबईला आला आणि जानेवारी 1897 मध्ये त्याने स्वतःची लस आधी स्वतःलाच टोचली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. आर्ब्वा ते परळ हे अंतर असे थोडे आहे.

पाश्चर 28 सप्टेंबर 1895 रोजी वारला. त्याच सुमारास फिलॉक्सेरा किडीने ज्युराचे मळे उद्ध्वस्त केले. एकेकाळच्या सुमारे वीस हजार हेक्टरांपैकी आज दोन हजारांच्या आसपास उरले आहेत. 1936 मध्ये आर्ब्वाच्या वाइनला फ्रान्समधले पहिल्या तुकडीतले मूळस्थानाचे संरक्षण मिळाले.

नातीला हे सगळे सांगून झाल्यावर तिने विचारले, मग आता तिथली वाइन तापवतात का? नाही. स्वच्छ तळघरे, गाळणी आणि थंडावा यांवर तिथले काम भागते. चांगल्या वाइनसाठी पाश्चरची रीत जवळजवळ कोणी वापरत नाही. बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापते ते दूध. रोझिएरचा मळा मात्र आजही जपलेला आहे. तिने पिशवी कात्रीने कापली आणि दूध पुन्हा गॅसवर तापत ठेवले.