विश्लेषण : हमालांचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा सुरक्षा एजन्सीच्या परवान्याशी संबंध काय?

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, मलकापूर, चिखलीच्या औद्योगिक वसाहती असोत की बँका, रुग्णालये, महाविद्यालये. दारावरचा गणवेशातला रक्षक आता नेहमीचा झाला आहे. असे रक्षक पुरवणारी एजन्सी काढण्याचा विचार करणारा तरुण भांडवलासाठी बँकेत गेला, की अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परतावा योजनेचे नाव निघते. अर्जावर ज्यांचे नाव असते, त्या अण्णासाहेबांचे सारे आयुष्य मात्र कामगार आणि मालक यांच्या मधल्या माणसाला कायद्याच्या चौकटीत आणण्यात गेले. सुरक्षा एजन्सी म्हणजे नेमका हाच मधला माणूस. म्हणून परवान्याचे नियम समजून घेण्याआधी हे आयुष्य समजून घेतलेले बरे.

अण्णासाहेब पाटील कोण होते?

अण्णासाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ रोजी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मंद्रुळकोळे येथे झाला. डोंगराळ भाग, थोडी शेती आणि पोटासाठी मुंबई, हा त्या काळी पाटण-जावळी भागातल्या घराघरांतला मार्ग होता. अण्णासाहेबही याच वाटेने मुंबईत आले. गोदी आणि घाऊक बाजारांच्या परिसरात अंगमेहनतीची कामे करताना त्यांनी हमालांचे जगणे जवळून पाहिले.

डोक्यावर, म्हणजे माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. धान्याच्या, मसाल्याच्या, कापडाच्या बाजारात तो दिवसभर राबत असे, पण त्याला मालक नव्हता. काम टोळीने चाले, टोळीचा मुकादम व्यापाऱ्याशी बोले, पैसे मुकादमाच्या हातून येत. पोते अंगावर पडून कंबर मोडली, तर व्यापारी म्हणे हा माझा नोकर नव्हे आणि मुकादम म्हणे काम व्यापाऱ्याचे होते. हजेरी नाही, रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, भरपाई नाही. आज एका दुकानात आणि उद्या दुसऱ्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला तेव्हाच्या कामगार कायद्यांत नीट जागाच नव्हती.

त्यांनी माथाडींना एकत्र कसे आणले?

विखुरलेल्या टोळ्यांना एका संघटनेत आणणे हे अण्णासाहेबांचे पहिले मोठे काम. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य माथाडी, ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन उभी राहिली. गिरणी कामगारांच्या संघटनेला एका दारावर सभा घेता येत असे. माथाडीचे तसे नव्हते. त्याच्या कामाची जागा रोज बदले आणि टोळी-टोळीत कामावरून स्पर्धाही असे. तरीही बाजार बंद पाडण्याची ताकद या माणसांच्या हातात आहे, हे संघटनेने त्यांना दाखवून दिले. हमालांनी पोती उचलली नाहीत, तर मुंबईचा घाऊक व्यापार थांबतो.

या लढ्यातून वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला.

माथाडी कायद्याने काय बदलले?

मालक कोण, या प्रश्नावर कायद्याने व्यवहारी तोडगा काढला. व्यापारी आणि कामगार या दोघांची मंडळाकडे नोंदणी करायची. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी असणार. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली टक्केवारी, म्हणजे लेव्ही, मंडळात भरायची. मंडळाने कामगाराला पगार द्यायचा आणि लेव्हीतून निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार यांची तजवीज करायची. कामाची जागा बदलली तरी कामगाराची नोंद आणि त्याचे पैसे एकाच ठिकाणी राहू लागले. पुढे या चौकटीचा विस्तार मुंबईबाहेरही झाला.

यात सुरक्षा रक्षक कुठे आले?

मुंबई-ठाण्याच्या कारखान्यांच्या दारावरचा खासगी रक्षक माथाडीसारख्याच कोंडीत होता. कारखाना म्हणे तो एजन्सीचा माणूस, एजन्सी म्हणे काम कारखान्याचे. कारखान्याने एजन्सी बदलली की रक्षकाची नोकरी आणि आधीच्या सेवेचा हिशेब दोन्ही जाई. त्यामुळे १९८१ मध्ये, बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) कायदा आला. त्याची बांधणी माथाडी कायद्यासारखीच आहे : त्रिपक्षीय मंडळ, रक्षकांची आणि मुख्य मालकांची नोंदणी, मंडळामार्फत वेतन आणि लाभ.

आस्थापनेने थेट आणि कायम नेमलेल्या रक्षकाला हा कायदा लागू नाही. एजन्सीमार्फत येणाऱ्या रक्षकासाठी तो आहे. एजन्सी मंडळापेक्षा कमी नसलेले लाभ देत असेल, तर कलम २३ नुसार सरकार तिच्या रक्षकांना कायद्यातून सूट देऊ शकते.

अण्णासाहेबांचा शेवट कसा झाला?

विधान परिषदेचे सदस्य झालेल्या अण्णासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात मराठा महासंघाच्या माध्यमातून आर्थिक निकषावर आरक्षणाची मागणी लावून धरली. त्यासाठी २२ मार्च १९८२ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोठा मोर्चा निघाला. तेव्हा बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. मागणी मान्य झाली नाही. दुसऱ्याच दिवशी, २३ मार्चला, अण्णासाहेबांनी आपले जीवन संपवले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते. पुढे १९९८ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने महामंडळ स्थापन केले. महामंडळाच्या व्याज परतावा योजनेत कर्ज बँक देते आणि पात्र लाभार्थीने हप्ते वेळेवर भरले, की महामंडळ ठरलेल्या मर्यादेत व्याज परत करते.

आज एजन्सीचा परवाना कोण देते?

१९८१ चा कायदा रक्षकाच्या बाजूने पाहतो. एजन्सी कोणी चालवावी, याचे उत्तर केंद्राच्या खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, २००५ मध्ये आहे. परवाना राज्य सरकारने नेमलेला नियंत्रक प्राधिकारी देतो. अर्जदार भारतीय नागरिक हवा. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या किंवा गैरवर्तनामुळे सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्या व्यक्तीला परवाना मिळत नाही. पोलिस पडताळणी होतेच.

कायद्यातील शुल्क एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि संपूर्ण राज्यासाठी २५,००० रुपये आहे. म्हणजे फक्त बुलढाण्यात काम करायचे तर पहिला पर्याय पुरतो. अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ धरून पूर्ण अमरावती विभागात जायचे, तर दुसरा. परवाना पाच वर्षांसाठी असतो. मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो. परवाना मिळाल्यापासून सहा महिन्यांत काम सुरू करावे लागते आणि परवान्याची प्रत कार्यालयात सहज दिसेल अशी लावावी लागते.

रक्षक नेमताना काय पाहायचे?

वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान हवे. चारित्र्य पडताळणी हवी. ठरलेले प्रशिक्षण पूर्ण झालेले हवे. केंद्राच्या नमुना नियमांत हे प्रशिक्षण १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे आहे. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते कमी आहे आणि नेमणुकीत त्यांना प्राधान्यही आहे. एका पर्यवेक्षकाखाली १५ पेक्षा जास्त रक्षक नसावेत, असेही हे नियम सांगतात. अर्ज करताना राज्याचे चालू नियम तपासून घ्यावेत.

प्रत्येक रक्षकाला छायाचित्रासह ओळखपत्र द्यायचे. रक्षकांची नावे, पत्ते, छायाचित्रे, वेतन आणि ते कुठे नेमले आहेत, याची नोंदवही ठेवायची. लष्कर किंवा पोलिसांसारखा दिसणारा गणवेश वापरायचा नाही. तो गुन्हा आहे.

नियम मोडले तर?

परवान्याशिवाय एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अपात्र किंवा अप्रशिक्षित रक्षक नेमल्यास २५,००० रुपयांपर्यंत दंड आहेच, शिवाय परवाना निलंबित किंवा रद्दही होतो.

नवख्या उद्योजकाची चूक बहुतेक वेळा इथेच होते. परवाना हाती आला म्हणजे सारे झाले, असे त्याला वाटते. पण २००५ चा परवाना १९८१ च्या कायद्यातून सुटका देत नाही. रक्षकांची मंडळाकडे नोंदणी किंवा रीतसर सूट, किमान वेतन, निर्वाह निधी, राज्य विमा ही कामे वेगळीच राहतात. आपल्या भागाला कोणते मंडळ आणि कोणते दर लागू आहेत, हे निविदा भरण्याआधीच जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात विचारून घ्यावे. किमान वेतन आणि लेव्ही धरूनही परवडेल असाच दर निविदेत टाकावा. त्याहून कमी दराने मिळवलेले काम शेवटी रक्षकाच्या पगारातून वसूल होते.

पोत्याखाली वाकलेल्या हमालाला त्याचा मालक कोण, हे सांगता येत नव्हते. रात्रपाळीला दारावर उभ्या असलेल्या रक्षकाला ते सांगता आले पाहिजे, आणि महिनाअखेरीस त्याच्या हातातल्या पगारपत्रकावर ते लिहिलेलेही असले पाहिजे. अण्णासाहेबांच्या नावाच्या योजनेतून कर्ज घेणाऱ्याने एवढे तरी पाळावे.