स्टेटसच्या शंभर वर्षं आधी : अतिया फैजींचा रोजनामचा

सकाळी काय केलं, दुपारी काय खाल्लं, संध्याकाळी कुठे गेलो, सगळं मोबाईलवर टाकायचं. ही सवय आता सातारा-सांगलीच्या लहान गावांतही पोहोचली आहे. घरातल्या मोठ्यांना वाटतं, हे नव्या जमान्याचं खूळ आहे. त्यात टाकणारी मुलगी असेल तर मग विचारूच नका! पण मुंबईतलं एक मुस्लिम घराणं एकोणिसाव्या शतकातच हे करत होतं. फरक एवढाच की त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, वही होती. त्याच घराण्यातली एक मुलगी पुढे आपला रोजनामचा घेऊन थेट लाहोरच्या छापखान्यापर्यंत पोहोचली. तिचं नाव अतिया फैजी.

अतिया यांचा जन्म १८७७ साली इस्तंबूलमध्ये झाला. वालिद हसनअली व्यापारी होते आणि त्यांचा व्यापार तुर्कस्तानपर्यंत पसरलेला होता. आई अमीरुन्निसा तय्यबजी घराण्यातल्या. हे तेच घराणं, ज्यातले बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. आपल्या पाचगणीत ज्या अंजुमन-ए-इस्लामची शाळा आहे, ती संस्था १८७४ साली मुंबईत उभी करणाऱ्यांतही ते होते. सुलेमानी बोहरा असलेल्या या कुटुंबाची मूळ बोली गुजराती, पण त्यांनी ठरवून उर्दू आपलीशी केली.

या घराण्यात एक वेगळीच पद्धत होती. निरनिराळ्या शाखांच्या घरांत एक मोठी वही ठेवलेली असायची. तिला म्हणायचे अखबार. घरातल्या कोणीही त्यात लिहायचं, पुरुषांनी, बायकांनी, मुलांनीसुद्धा. कोणाच्या घरी बाळ झालं, कोणाचं लग्न ठरलं, सहल कशी झाली, कोण आजारी आहे, सगळं त्यात यायचं. लिहिलेलं सगळ्यांनी वाचायचं, वाटलं तर पुढे आपलंही मत जोडायचं. आजच्या फॅमिली ग्रुपवर काय चालतं? हेच ना? पण त्या काळात जिथे मुलीच्या हातात लेखणी देण्यावरूनच वाद होते, तिथे या वह्यांनी घरातल्या मुलींना रोज लिहायची आणि आपलं लिहिलेलं चार लोक वाचणार याची सवय लावली. अतिया आणि त्यांच्या बहिणी जोहरा व नाजली या अशा वातावरणात वाढल्या. नाजलींचं लग्न पुढे मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांशी झालं.

१९०६ साली अतिया सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला निघाल्या. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण घ्यायचं होतं. आपल्याकडच्या मुली आज बीएडला जातात, तसंच समजा. पण शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, समुद्रापार, चेहऱ्यावर नकाब न घेता पण डोकं झाकून! जहाजावर पाय ठेवल्यापासून त्या रोज लिहीत गेल्या. प्रवास, कॉलेज, शहर, भेटलेली माणसं, सगळं. हे लिखाण त्या घरी पाठवायच्या. तिथून जोहराआपांच्या हातून ते लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’कडे जायचं आणि क्रमशः छापलं जायचं.

‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे १८९८ साली सुरू झालेलं उर्दू साप्ताहिक. मुहम्मदी बेगम त्याच्या संपादक होत्या. याच्या वाचक म्हणजे मुख्यतः परद्यातल्या, घराच्या चार भिंतीत राहणाऱ्या स्त्रिया. त्याही साप्ताहिकाला पत्रं लिहायच्या, एकमेकींना उत्तरं द्यायच्या. ज्यांनी आपल्या शहराची वेस ओलांडली नव्हती, त्या अतियांच्या डोळ्यांनी लंडन बघत होत्या. एका बहिणीसाठी लिहिलेलं शेकडो अनोळखी बहिणींचं झालं.

तब्येतीमुळे अतियांना १९०७ साली प्रशिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पण लिखाण वाया गेलं नाही. १९२१ साली ते ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात आलं. नाजलींनीही १९०८ च्या युरोप प्रवासाचा रोजनामचा लिहिला आणि तोही छापला गेला.

दुर्दैव असं की आज अतियांचं नाव निघतं ते बहुधा दुसऱ्यांच्या संदर्भात. १९०७ साली इंग्लंडमध्ये त्यांची अल्लामा इक्बाल यांच्याशी ओळख झाली. मौलाना शिबली नोमानीही त्यांच्या कुटुंबाशी पत्रव्यवहार करायचे. शिबलींच्या निधनानंतर त्यांची अतिया आणि जोहरा यांना लिहिलेली पत्रं छापली गेली, आणि लोकांनी त्यातून नको ते अर्थ काढले. स्क्रीनशॉट फिरतो ना, तसंच झालं. एका शिकलेल्या बाईवर बोलायला लोकांना निमित्त मिळालं. अतियांनी १९४७ साली इक्बालवर स्वतः पुस्तक काढलं, त्यात त्यांची पत्रं दिली आणि आपल्या आठवणी आपल्या शब्दांत मांडल्या.

१९१२ साली त्यांनी चित्रकार सॅम्युएल रहामीन यांच्याशी लग्न केलं. रहामीन पुण्यात जन्मलेले, बेने इस्रायली समाजातले. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैजी-रहामीन असं जोडनाव घेतलं. अतियांनी हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९१४ साली लंडनमध्ये निघालं. आपल्या मिरजेत मुस्लिम कारागीर पिढ्यानपिढ्या तंबोरे आणि सतारी घडवत होते, त्याच संगीताची ओळख एक मुस्लिम बाई जगाला करून देत होती.

फाळणीनंतर जिनांच्या निमंत्रणावरून हे कुटुंब कराचीला गेलं. पण पुढे तिथलं घर त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. शेवटची वर्षं तंगीत गेली. १९६४ साली रहामीन गेले आणि १९६७ साली अतिया. मलबार हिलचं वैभव मागेच राहिलं होतं, कराचीचं छप्परही गेलं. राहिलं ते लिहिलेलं. अखबारच्या काही वह्या आजही जपलेल्या आहेत आणि त्या काळातलं मुस्लिम घर आतून कसं होतं, हे समजून घ्यायला इतिहासकार त्या वाचतात.

आपल्याकडे मुलीने स्टेटस ठेवलं की आधी मोबाईल काढून घेतला जातो. काळजी खोटी नाही, धोके आहेतच. पण तय्यबजींच्या घरात मोठ्यांनी वही लपवली नाही, स्वतःही त्याच वहीत लिहिलं. अतियांचं लिखाण आधी घरात वाचलं जायचं, मग बाहेर जायचं. काय सांगायचं आणि काय आपल्यापाशी ठेवायचं, हे मुलगी अशानेच शिकते. तिने आपलं लिहिलंच नाही, तर उद्या तिच्याबद्दल दुसरेच लिहितील. अतियांच्या बाबतीत तसं झालं, तरी त्यांचा स्वतःचा रोजनामचा हाताशी आहे म्हणून आपण त्यांचं म्हणणंही ऐकू शकतो. आपल्या मुलींसाठी एक वही आजच आणायला काय हरकत आहे? पहिलं पान आई-वडिलांनी लिहावं.