माणसे घडवणारी अणुभट्टी : डॉ. होमी भाभा

आपल्या हैदराबादेत ए. एस. राव नगर, ईसीआयएल, एनएफसी ही नावे आपण दिवसातून दहा वेळा घेतो. आपल्यातल्या कित्येक घरांची चूल तिथल्या नोकरीवर पेटली. हे सारे इथे आले कसे, याचा माग काढत गेलो की आपण मुंबईच्या तुर्भ्याला, डॉ. होमी जहांगीर भाभांपाशी पोहोचतो.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सुखवस्तू पारशी घरातला. सर दोराबजी टाटा हे त्यांच्या आत्याचे यजमान. मुलाने केंब्रिजहून इंजिनीअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा. भाभांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे. आधी इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग हवे ते शीक, असा वडिलांशी करार झाला. १९३० साली मुलाने तो पाळला आणि पुढे विश्वकिरणांच्या संशोधनात नाव कमावले.

१९३९ साली ते सुट्टीवर घरी आले आणि महायुद्ध पेटल्यामुळे इथेच राहिले. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात काम करताना त्यांचा निश्चय झाला, की उत्तम विज्ञान इथेच उभे करायचे. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ सुरू झाली. आशियातली ही पहिली अणुभट्टी. सुमारे आठ मीटर खोल पाण्याच्या हौदात बुडवलेले इंधन ब्रिटनमधून आले होते, पण बांधणी आपल्या माणसांची. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ए. एस. राव यांच्या गटाने तयार केली. पाण्यातल्या निळ्या झळाळीवरून पंडित नेहरूंनी तिला हे नाव दिले.

अप्सरेने एक दिवाही पेटवला नाही. वीज करणे हे तिचे काम नव्हतेच. तिच्याकडून हवे होते न्यूट्रॉन. भट्टीच्या जाड भिंतीतल्या नळीतून न्यूट्रॉनचा बारीक झोत बाहेर काढायचा, एका स्फटिकावर पाडून त्यातले एकाच वेगाचे न्यूट्रॉन निवडायचे आणि ते तपासायच्या पदार्थावर सोडायचे. ते कोणत्या कोनात, किती संख्येने विखुरतात हे भोवती फिरणारा मोजयंत्राचा हात टिपत जातो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने तो थेट अणुकेंद्रापर्यंत शिरतो. क्ष-किरणांना जेमतेम दिसणारा हायड्रोजन तो स्पष्ट दाखवतो, चुंबकत्वाची आतली मांडणीही उलगडतो.

१९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने ४० मेगावॅटची ‘सायरस’ आली आणि झोत कितीतरी प्रखर झाले. पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आले होते. याच कामासाठी ब्रॉकहाउस यांना १९९४ चे नोबेल मिळाले. अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर तुर्भ्यातच बांधले. साठच्या दशकात असे एक उपकरण भारताने फिलिपाइन्सला दिले. यंत्र विकत घेतले तर यंत्र मिळते, बांधले तर माणसे मिळतात, हे भाभांच्या सगळ्या कामाचे सूत्र होते.

चित्रे काढणारा, पाश्चात्त्य संगीतात रमणारा, झाडांवर जीव असलेला हा अविवाहित माणूस २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी निघाला असताना माँ ब्लाँवर विमान अपघातात गेला. वय अवघे ५६. पण त्यांची माणसे तयार होती. पुढच्याच वर्षी ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शहरात ईसीआयएल उभी राहिली. १९७१ मध्ये अणुइंधन बनवणारे एनएफसी आले.

खरी कसोटी १९७४ नंतर लागली. पोखरणच्या चाचणीत सायरसचे प्लुटोनियम वापरले गेले आणि कॅनडाने सहकार्य थांबवले. शांततेसाठी दिलेल्या भट्टीचा असा उपयोग योग्य होता का, यावर आजही दोन मते आहेत. पण बाहेरची दारे बंद झाल्यावर जे हाती उरले, ते आपण स्वतः शिकलेलेच. त्याच बळावर १९८५ मध्ये १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ देशातच रचून, बांधून सुरू झाली.

ध्रुवच्या भोवतीची न्यूट्रॉन उपकरणे आज देशभरातल्या विद्यापीठांच्या संशोधकांसाठी खुली आहेत. आपल्या घरातले एखादे मूल भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन पुढे गेले, तर आपला नमुना घेऊन तेही त्या झोतापुढे उभे राहू शकते. कोणती नोकरी लागेल, हा प्रश्न आपण त्याला विचारतोच. भाभांच्या वडिलांनीही तो विचारला होता. आणि करार पुरा झाल्यावर मुलाला त्याच्या वाटेने जाऊ दिले होते.