नामदेवरायांचा रुसवा

गावात सप्ताह बसला म्हणजे मांडवाचे खांब कोणीतरी रोवतो, पाण्याचे हंडे कोणीतरी भरतो, पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळी कोणीतरी उचलतो. शेजाऱ्याच्या घरी कार्य निघाले की तोच मनुष्य पुन्हा बिनमोली राबतो. काल्याच्या दिवशी नारळ मात्र दुसऱ्याच्या हातात जातो आणि हा बिचारा घरी येऊन मुकाट्याने भिंतीला टेकून बसतो. सेवा देवासाठी केली असे तोंडाने म्हणायचे, पण आपले नाव कोणी घेतले नाही ही सल काही जात नाही. ही सल लहानसहान माणसालाच लागते असे नाही बरं का. प्रत्यक्ष नामदेवरायांनाही ती लागली होती.

आषाढी करून परतवारीला नरसीस जाणाऱ्यांना ते गाव सांगायला नको. आजच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी ते आहे. शके ११९२, म्हणजे इ. स. १२७०, कार्तिक शुद्ध एकादशीला नामदेवरायांचा जन्म झाला आणि हेच त्यांचे जन्मस्थान, असे परंपरा मानते. वडील दामाशेटी, आई गोणाई, जात शिंप्याची. लहानपणीच त्यांनी देवाला नैवेद्य खाऊ घातला, ही कथा पोराबाळांनाही पाठ आहे. पुढे राजाईशी लग्न झाले. नारा, विठा, गोंदा, महादा असे चार मुलगे झाले. गंगाखेडची जनाबाई त्याच घरात दळणकांडण करीत वाढली. पंढरीत बिऱ्हाड मोठे, पण नामदेवरायांचे लक्ष धंद्यात कमी आणि महाद्वारी जास्त. घरात तेल नाही, मीठ नाही, आणि हे कीर्तनात रंगलेले. आई आणि बायको दोघी कुरकुरत, त्यात त्यांचा तरी काय दोष!

अशा माणसाला वाटणारच, की आपण संसार पाण्यात घालून देवाचे केले, तेव्हा चार संतांत आपला मान पहिला. गोरोबाकाकांच्या घरी सगळी संतमंडळी जमली होती. ज्ञानोबा, निवृत्तीनाथ, सोपानकाका, मुक्ताई सारे बसलेले. मुक्ताईने काकांना सुचविले, की तुम्ही कुंभार, यातली मडकी पक्की किती आणि कच्ची किती ते पाहा. काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहू लागले. बाकीचे शांत राहिले. नामदेवरायांना मात्र अपमान वाटला, आणि काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे.

चारचौघांत असे झाले म्हणजे काय होते ते आपल्याला माहीत आहे. नामदेवराय तडक उठले आणि पांडुरंगापाशी गाऱ्हाणे घेऊन गेले. आपला देव आपली बाजू घेईल ही खात्री. पण देवाने बाजू घेतली नाही. अंगावरून हात फिरवून पुन्हा मंडळीत मानाने बसविलेही नाही. गुरू कर एवढेच सांगितले आणि विसोबा खेचरांकडे धाडले.

विसोबा भेटले ते औंढा नागनाथाला, असे परंपरेत सांगतात. औंढा म्हणजे नरसीच्याच मुलखातले ज्योतिर्लिंग. तिथे पाहतात तो म्हातारा पिंडीवर पाय ठेवून खुशाल निजलेला! नामदेवराय रागावले, तेव्हा विसोबांनी सांगितले, की बाबा, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवरायांनी पाय उचलले. जिथे ठेवावे तिथे पिंडी. देव सगळीकडे आहे, मग ज्या माणसाने आपल्याला मान दिला नाही तो काय देवाबाहेर राहिला? इथे रुसव्याचे मूळच तुटले.

याच औंढ्याची दुसरी कथा आहे. देवळापुढे कीर्तन चालले असता पुजाऱ्यांनी नामदेवरायांना हटविले. ते भांडले नाहीत. मागच्या बाजूला गेले आणि तिथे भजन मांडले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे झाले. त्या देवळाचा नंदी मागे आहे तो यामुळेच, असे भाविक दाखवितात. गोरोबाकाकांच्या घरी मान गेला म्हणून नामदेवराय उठून गेले होते. औंढ्याला जागा गेली, तरी भजन उठले नाही.

इ. स. १२९६ मध्ये माउलींनी आळंदीस समाधी घेतली. मागे राहिलेल्या नामदेवरायांनी स्वतःची थोरवी गायली नाही. आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत माउलींचे चरित्र गायिले. पुढे ते उत्तरेत गेले. पंजाबात घुमान गावी त्यांचे स्थान आहे आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. परमुलखात त्यांना कोणी ओळखत नव्हते, तरी तिथल्या लोकांच्या बोलीत ते बोलले.

पण मला सगळ्यांत मोठी वाटते ती मंगळवेढ्याची गोष्ट. गावकुसाचे काम चालले होते. चोखोबा त्यात राबत होते. इ. स. १३३८ मध्ये ते कुसू कोसळले आणि कितीतरी मजूर खाली गाडले गेले. गावासाठी राबून मेलेल्या त्या माणसांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. नामदेवराय पंढरीहून तिथे गेले. ढिगाऱ्यातली हाडे एकेक उचलून कानाला लावली, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उराशी धरून आणली. ज्यांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांची समाधी त्यांनी महाद्वारापाशी बांधली. पंढरीचे ते द्वार हरिजनांना उघडायला पुढे १९४७ साल उजाडले आणि साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले. नामदेवरायांनी आपल्या हातून होण्यासारखे होते तेवढे सहाशे वर्षे आधी करून ठेवले.

पाहा, एके काळी स्वतःचा मान गेला म्हणून रुसलेला हा पुरुष, ज्याला कोणीच मान दिला नाही त्याची हाडे वेचायला गेला. आपल्या केल्याची दाद लागत नाही असे ज्याला वाटते, त्याने आपल्यासारखाच दाद न लागलेला दुसरा कोण आहे ते शोधावे. तो शेजारीच सापडतो. त्याचे नाव आपण घ्यावे, म्हणजे आपले कोणी घेतले की नाही हे मोजायला मन रिकामे राहत नाही.

शके १२७२, म्हणजे इ. स. १३५०, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवरायांनी देह ठेवला. जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीची. गाभाऱ्याशेजारी नव्हे, संतांच्या पायाची धूळ अंगावर पडेल तिथे. आज आपण ती पायरी न तुडविता हात लावून नमस्कार करतो, तो भाग वेगळा. त्यांनी मागितले होते ते पायच.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!